रस्त्यावरून बेतलेली पन्हळ

प्रति,
मा. वास्तुशोभा अधिकारी,
जुनी वस्ती विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बैठ्या घराच्या दर्शनी बाजूस बसविलेली पारंपरिक धाटणीची पत्र्याची पन्हळ "असमतल, वेडीवाकडी व वस्तीच्या शोभेस बाधक" ठरविल्याबाबत, तसेच सदर घरासमोरील रस्त्याची दुरुस्ती तूर्त थांबविण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाची नोटीस, जी दुकानाच्या कडीत खोचलेली मिळाली.
२) रस्ते विभाग, तळमजला, यांचा दाखला (प्रत सोबत जोडली आहे).

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार आपल्या आईसह उपरोक्त घरात राहतो. घराच्या पुढच्या खोलीत आईचे शिवणकामाचे दुकान आहे. अर्जदाराने साहित्य या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली असून तो त्याच दुकानात काजे करतो व गुंड्या लावतो. अर्जदाराचा परिचय येथे संपतो. तो लांबवावा असे त्यात काही नाही. अर्जावर सही अर्जदाराची असली तरी अर्ज आईसाठी आहे. आपली नोटीस आल्यापासून तिने कात्रीला हात लावलेला नाही. नोटिशीत पन्हळीला "वेडीवाकडी" म्हटले आहे, आणि त्या पन्हळीची रेघ आईने मारलेली होती.

२. आपल्या विभागाच्या परिपत्रकानुसार रस्त्याकडे तोंड असलेल्या सर्व जुन्या घरांनी प्लास्टिकच्या नळ्या काढून त्या जागी पूर्वीच्या धाटणीची, अर्धगोल पत्र्याची, नक्षीदार आकड्यांवर टांगलेली पन्हळ बसवावयाची होती. अन्यथा दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणास आपली ना-हरकत मिळणार नव्हती. या परिपत्रकाशी अर्जदाराचे भांडण नाही. प्लास्टिकची जुनी नळी घोड्याच्या तुटक्या पायासारखी भिंतीवर लोंबत होती, हे अर्जदारास मान्य आहे. मात्र तिच्यातून पाणी जात असे, हेही नोंदवून ठेवणे त्याला आवश्यक वाटते. नवी पन्हळ पत्रे जोडणाऱ्या डागवाल्या काकांच्या दुकानातून हातगाडीवरून आली तेव्हा ती आभाळाकडे तोंड करून पडली होती. वरून येईल ते घ्यायचे आणि त्यातले काहीही स्वतःकडे ठेवायचे नाही, असा तिचा स्वभाव दुरूनच दिसत होता. त्या दिवशी घरात सर्वांना आनंद झाला होता. हे वाक्य अर्जाच्या दृष्टीने अनावश्यक असल्यास कृपया गाळून वाचावे.

३. पत्र्याचे तुकडे जोडून त्यांना डाग देण्याचे काम डागवाल्या काकांचे होते. परंतु आकडे कोठे ठोकायचे ती रेघ घरच्यांनी आखून ठेवावी, असे त्यांनी सुचविले. "वहिनी, आकडे ठोकायला एकदा चढेन, पण मापासाठी पुन्हा पुन्हा शिडीवर चढलो की खाली कोण उतरवणार मला? गुडघे गेलेत माझे. तुम्ही रेघ मारा, मी रेघेवर चालतो." हे ऐकून आईचा चेहरा उजळला. जन्मभर तिने दुसरे केले काय? अर्जदाराचे मामा त्या वेळी तेथे चहा घेत होते. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कारकून असून त्यांच्याकडे एक पाणसळ आहे. काचेच्या नळीतल्या बुडबुड्यावरून सपाटी सांगणारी ती पट्टी ते ज्या ममतेने पुसतात, तशी त्यांनी आपली मुलेही पुसली नसतील. त्यांनी ती देऊ केली. आई म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. त्या बुडबुड्याला विचारून मी आजवर एक तरी फ्रॉक शिवलाय का?" मामा म्हणाले, "ताई, हा फ्रॉक नाही." आई म्हणाली, "खालची कड सरळ यायला हवी ना? मग फ्रॉकच आहे."

४. येथे आपल्या माहितीसाठी शिवणकामातील एक पद्धत सांगणे भाग आहे. पायघोळ झग्याची खालची दुमड वरून मोजत नाहीत. माणसाचे खांदे सारखे नसतात, कंबर सारखी नसते, आणि स्वतःविषयीचे मत तर कधीच प्रमाणात नसते. म्हणून गिऱ्हाइकाला नीट उभे करून जमिनीपासून वर मोजतात. आई हातात लाकडी पट्टी व खडू घेऊन गुडघ्यांवर त्याच्याभोवती फिरते. पट्टीचे टोक जमिनीवर, खूण कापडावर. पूर्ण फेरी झाली की जमिनीपासून सारख्या उंचीवर खुणांचे कडे तयार होते. हजारो झगे या पद्धतीने सरळ झाले आहेत. पाठीला पोक असलेली माणसेही आईच्या झग्यात ताठ दिसतात, अशी तिची ख्याती आहे.

५. आईने घरालाही तसेच मोजले. पडद्याचे दोन दांडे एकमेकांना बांधून एक लांब काठी केली, तिच्या वरच्या टोकाशी लाल दोरा गुंडाळला. काठीचे खालचे टोक रस्त्यावर टेकवायचे, आणि वर दोरा येईल तेथे शिडीवरच्या अर्जदाराने भिंतीवर खडूने खूण करायची, असे ठरले. अशा रीतीने दर दोन हातांवर एक खूण करीत ती दोघे घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. आई खालून "दोऱ्याला चिकटव, दोऱ्याला!" असे ओरडत होती आणि अर्जदार चिकटवत होता. वळचणीखालची फळी एकीकडे आणि खुणा दुसरीकडे चालल्या आहेत हे अर्जदाराने एकदा सांगितले. त्यावर उत्तर मिळाले, "डोळ्याला काय कळतंय? गिऱ्हाईक एका पायावर भार टाकून उभं राहिलं की सगळंच वाकडं दिसतं. तू काठीकडे बघ." घर एका पायावर भार टाकून उभे आहे, हे अर्जदाराने मान्य केले. त्या क्षणी तो स्वतःही तसाच उभा होता.

६. महोदय, काठीचे खालचे टोक ज्या ज्या ठिकाणी टेकले त्या ठिकाणांचे वर्णन अर्जदार खाली क्रमाने देत आहे. पहिल्या तीन खुणा साध्या रस्त्यावर झाल्या. चौथी, आपल्या कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागाने खणून नंतर समाधानाने बुजविलेल्या चरात. पाचवी त्याच चराच्या दुसऱ्या काठावर, जेथे उरलेली माती ठेवलेली आहे. सहावी गटाराच्या झाकणावर, जे रस्त्यापेक्षा चांगले वीतभर उंच असून रात्री येणाऱ्या पाहुण्यांना ठेचेवरून ओळखते. सातव्या जागी एक कुत्रा झोपला होता. आईला कोणाची झोपमोड आवडत नाही. तिने काठी त्याच्याशेजारी आमच्याच राहत्या बाजूच्या दाराच्या पायरीवर ठेवली. आठवी खूण खड्ड्यात, नववी गतिरोधकाच्या चढावर, दहावी त्याच्या माथ्यावर, अकरावी उतारावर. यानंतर घर संपले.

७. डागवाले काका आले. त्यांनी खुणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग त्यांनी विचारले, "वहिनी, ही पन्हळ आहे की गाण्याची चाल?" आईने टेप त्यांच्या हातात दिली आणि कोणतीही खूण जमिनीपासून मोजून बघा म्हणाली. त्यांनी तीन ठिकाणी मोजले. माप केसभरही हलले नाही. माप बरोबर आल्यावर कारागिराने काय बोलावे? त्यांनी खुणांवर आकडे ठोकले. काही फळीवर बसले, काही भिंतीत, आणि आठव्या खुणेचा तर खिडकीच्या चौकटीला चिकटला. कुत्र्याच्या वाट्याचा सातवा आकडा कौलांच्या कडेच्याही वर गेला. एवढी वळणे घेण्यासाठी लांब पत्र्याचे तुकडे करावे लागले, प्रत्येक सांध्याला डाग द्यावा लागला. काका जाताना म्हणाले, "मी रेघेवर चाललो, वहिनी. रेघ कुठं चालली ते मला विचारू नका." पन्हळ अशी का दिसते, असे अर्जदाराने आईला विचारले. तिने प्रत्येक नाराज गिऱ्हाइकाला सांगते तेच सांगितले : "नवीन आहे म्हणून. दोन-तीनदा पाणी गेलं की बसेल अंगावर."

८. मामांना तितका धीर नव्हता. त्यांनी त्याच दुपारी टाकीचा पाइप कौलांवर सोडून चाचणी घेतली. पाणी मोठ्या उत्साहाने निघाले. चराच्या वरच्या बाजूला पन्हळीला जो खोलगट भाग आला होता तेथे ते साठले, काठोकाठ भरले आणि दुकानाच्या दारात, नेमके गिऱ्हाईक छत्री मिटायला थांबते तेथे, कोसळू लागले. सातव्या आकड्याशी पन्हळ छपरापेक्षा उंच असल्यामुळे तेथील पाणी तिच्यात न जाता तिच्या पाठीमागून भिंतीवर उतरले. गतिरोधकाच्या वरच्या चढावर उरलेल्या पाण्याचा वेग कमी झाला. या एका बाबतीत पन्हळीने वाहतुकीचा नियम पाळला, असे अर्जदाराचे प्रांजळ मत आहे. त्यानंतर मामा रोज चहाला येतात, वर बघतात, काही बोलत नाहीत आणि साखर मागतात. आईला त्यांनी बोललेले चालले असते.

९. आपले तपासनीस साहेब आले. ते सभ्य गृहस्थ असून त्यांनी पादत्राणे बाहेर काढली. त्यांच्याकडेही पाणसळ होती. त्यांनी ती पन्हळीवर ठेवली तेव्हा बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला आणि परत आला नाही. साहेबांनी ती काढून झटकली, पुन्हा ठेवली. सातव्या आकड्यापाशी त्यांनी अर्जदाराला विचारले, "हे इथं का?" अर्जदाराने खरे कारण सांगितले. साहेबांनी लिहिणे थांबवले आणि कुत्रा आता कुठे आहे असे विचारले. तो तेथे नव्हता. त्यामुळे त्याचा जबाब झालेला नाही.

१०. यथावकाश नोटीस आली. तीत पन्हळ सरळ करावी, अन्यथा ती खर्चासह काढून टाकण्यात येईल व परवान्यास ना-हरकत मिळणार नाही, असे कळविले होते. परवाना नसेल तर दुकान बंद होईल, हे अर्जदारास समजले. आईला त्याहून जास्त समजले. तिने चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली, ती शिलाई मशीनच्या चाकाखाली ठेवली आणि कात्री खुंटीला अडकवली. त्या वेळी दुकानात गावातल्या गायनमंडळाच्या पायघोळ झग्यांचे कापड येऊन पडले होते. झगे एकसारखे हवेत, मंचावर सगळ्यांची खालची कड एका रेषेत दिसली पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. मंडळाच्या गुरुजींना आईने कापड परत न्यायला सांगितले. ते म्हणाले, "बाई, काय झालं? आमचे सूर लागत नाहीत म्हणून आम्ही कधी गाणं थांबवलंय का?" आई हसली नाही. ती म्हणाली, "माझी नजर गेलेली दिसते. लोकांचं कापड कशाला नासवू?" गुरुजींनी कापड नेले नाही. ते अजून तेथेच आहे, न उलगडलेले, आणि आई त्याच्याकडे पाठ करून बसते. अर्जदाराने आजवर या घरात कात्रीचा आवाज न ऐकता सकाळ पाहिली नव्हती. ती सकाळ कशी असते हे शब्दांत सांगण्याचा मोह तो आपल्या कार्यालयीन वेळेचा विचार करून आवरत आहे.

११. त्यानंतर पुढील घटना घडली. अर्जदार समोरच्या न्हाव्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून पन्हळीकडे बघत होता. करण्यासारखे दुसरे काही नव्हते. काजे करायलाही आधी कोणीतरी कापड कापावे लागते. दूधवाला सायकलवरून घरासमोरून गेला. त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती. चरात तो खाली गेला, मातीवर वर आला, झाकणावर आणखी वर, खड्ड्यात बुडाला, गतिरोधकावर चढला, उतरला आणि दुधाच्या कॅनला शिव्या घालत निघून गेला. आणि महोदय, या सबंध प्रवासात त्याच्या टोपीचे पन्हळीपासूनचे अंतर बदलले नाही. टोपी खाली तेव्हा पन्हळ खाली, टोपी वर तेव्हा पन्हळ वर. अपवाद फक्त सातव्या आकड्याचा. तो कुत्र्याच्या खात्यावर आहे. अर्जदार उठून उभा राहिला. गिऱ्हाइकाची दाढी करता करता न्हावी म्हणाला, "पदवीधर, नोकरी लागली का?" अर्जदाराने त्याला रस्त्याकडे बघत राहायला सांगितले आणि दूधवाल्याला परत बोलावून पुन्हा एकदा जायला लावले. न्हाव्यानेही पाहिले. त्याच्या हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच थांबला होता. तो म्हणाला, "अरे, हा तर आपला रस्ता वर टांगलाय!"

१२. म्हणजे आईची रेघ चुकलेली नाही. तिने जे मोजले ते बरोबर मोजले. ज्याच्यावर उभे राहून मोजले ते वाकडे होते. ही गोष्ट अर्जदाराने धावत जाऊन आईला सांगितली. ती म्हणाली, "तू माझा मुलगा. तू माझीच बाजू घेणार. शिवाय शिडीवर तूच होतास." न्हाव्याची साक्ष तिने ऐकून घेतली, परंतु ज्याच्या दुकानातल्या आरशात सगळ्यांचेच चेहरे लांबट दिसतात त्याच्या नजरेवर विसंबता येत नाही, असे तिचे म्हणणे पडले. "वेडीवाकडी" हे सरकारी शिक्क्याखाली लिहिले गेले आहे. ते शिक्क्यानेच पुसले पाहिजे.

१३. या कारणास्तव अर्जदार आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावरील रस्ते विभागात गेला व घरासमोरील रस्ता वाकडा असल्याचा दाखला मागितला. तेथील साहेबांनी चष्म्यावरून बघत सांगितले, "रस्ता सपाट आहे." अर्जदाराने चर, झाकण व खड्डा यांचे वर्णन केले. साहेब म्हणाले, "तुम्ही वर्णन छान करता. पण काम पूर्ण झालेलं आहे." त्यांनी तसा दाखला दिला. त्यात सदर रस्ता "संपूर्ण लांबीत सपाट व सुस्थितीत" असल्याचे प्रमाणित केले आहे. आता महोदय, कृपया लक्ष द्यावे. कुत्र्याचा सातवा आकडा वगळता पन्हळ रस्त्यापासून सर्वत्र सारख्या उंचीवर आहे. हे कोणीही काठी लावून पाहू शकेल. तळमजल्याच्या म्हणण्याप्रमाणे रस्ता सपाट आहे. सपाट वस्तूपासून सारख्या उंचीवर असलेली वस्तू सपाटच असते. तरीही दुसरा मजला म्हणतो की पन्हळ वाकडी आहे. तर दोन मजल्यांपैकी एकाचे चुकते आहे. अर्जदारास कोणत्याही मजल्याचा अवमान करावयाचा नाही. परंतु दोघांमध्ये एक जिना आहे, आणि तो वापरता येतो, एवढे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

१४. या अर्जातील अत्यंत तातडीचा भाग येथून सुरू होतो. अर्जदार तळमजल्यावर जाऊन आल्याचा परिणाम असा झाला की, जो रस्ता दुरुस्त व्हावा म्हणून अख्खी गल्ली वर्षानुवर्षे अर्ज करीत होती तो आता, बहुधा दिलेला दाखला खरा ठरावा म्हणून, दुरुस्त होणार आहे. कोपऱ्यावर डांबराची पिंपे येऊन पडली आहेत. खडी आली आहे. उद्या रोलर येईल असे मुकादमाने न्हाव्याला सांगितले. रस्ता एकदा सपाट झाला की चर, झाकण, खड्डा, सारे डांबराखाली जाईल आणि वर राहील ती एकटी पन्हळ, कशाच्याही आधाराविना वाकडी. मग आईची रेघ का वाकली हे जगात कोणालाही दाखविता येणार नाही. म्हणून अर्जदार आपणास अशी विनंती करीत आहे, जी आपल्या कार्यालयाच्या इतिहासात बहुधा कोणी केली नसेल : कृपया रस्ता दुरुस्त करू नये. निदान आपण स्वतः येऊन, काठी लावून, खात्री करीपर्यंत तरी खड्डे जसेच्या तसे ठेवावेत. त्यांना धक्का लागू देऊ नये. आवश्यक तर त्यांच्याभोवती दोरी बांधावी. गल्लीतल्या लोकांना हे कळले असून न्हाव्याने अर्जदाराची दाढी अर्धीच करून त्याला उठविले आहे. "सगळी गल्ली कंबर मोडून घेतेय आणि हा खड्ड्यांना संरक्षण मागतोय!" असे तो म्हणाला. अर्जदार त्याच स्थितीत हा अर्ज लिहीत आहे.

१५. येथवर लिहून झाल्यावर अर्जदाराने सदर अर्ज आईला वाचून दाखविला. वस्तुतः तिला बरे वाटावे असा हेतू होता. ती शेवटपर्यंत पाठ करून ऐकत होती. खड्ड्यांभोवती दोरी बांधण्याचा भाग आला तेव्हा ती वळली. "रस्ता थांबवतोस? माझ्या एका रेघेसाठी? अरे, गिऱ्हाईक वाकडं उभं राहिलं तर त्याला सांगायचं, सरळ उभा राहा. तसाच वाकडा राहा म्हणून कुणी पाया पडतं का?" अर्जदाराने विचारले की, म्हणजे आता तिला पटले का? तिने पायाखालच्या फरशीकडे पाहिले. मग म्हणाली, "दुकानातली फरशी सपाट आहे रे. इतकी वर्षं तिनं निभावून नेलं. मी जमीन कधी बघितलीच नाही." तिच्या आवाजात दुःख नव्हते. चुकीची शिलाई नेमकी कोठे आहे ते सापडल्यावर, उसवायला बसण्याआधी तिचा जो आवाज लागतो, तो होता.

१६. याच वेळी बाहेर मुकादम येऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाला, "आता कुठून सुरुवात करायची ह्याची?" महोदय, वाकड्या वस्तूसमोर उभे राहून असा प्रश्न विचारणारा माणूस आईला सहन होत नाही. ती खडू घेऊन बाहेर गेली. पदर खोचून भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली आणि खुणा करीत सुटली. मुकादम म्हणाला, "बाई, हे काय?" आई म्हणाली, "इथं चार बोटं भरा. हे झाकण खाली घ्या, इथून सगळा घेर उचलला गेलाय. इथली माती कापा. हं, आणि हे पोट आत घ्या." मुकादम म्हणाला, "तो गतिरोधक आहे, बाई. तो नियमाने आहे." आईने त्याच्याकडे खालून वर पाहिले. "मग राहू दे. तेवढं पोट नियमाने प्रत्येकाला सुटतं." मुकादम त्यानंतर तिच्यामागून विटेचे तुकडे घेऊन चालत होता आणि ती सांगेल तेथे ठेवत होता. न्हावी, त्याचे गिऱ्हाईक व मामा हे तिघेही ओट्यावर उभे होते. मामांनी पाणसळ पुढे केली; आईने ती घेतली, एका ठिकाणी ठेवून पाहिली आणि "बरोबर सांगतोय की तुझा बुडबुडा" असे म्हणून परत दिली. मामांनी आज चहात साखर मागितली नाही.

१७. आत आल्यावर आईने हात धुतले, कोरडे केले आणि गायनमंडळाचे कापड उलगडले. अर्जदार हे लिहीत असताना कात्री चालू आहे.

१८. सबब, वरील परिच्छेद १४ मधील विनंती अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे. रस्ता अवश्य करावा. नोटिशीतील "वेडीवाकडी" या शब्दाबाबत आईचे म्हणणे असे की, वाकडी आहे हे तिला मान्य; वेडी नाही. तेवढी दुरुस्ती शाईने करून खाली सही करावी. पन्हळ उतरवून पुन्हा बसविण्यास मुदत मिळावी, व तोपर्यंत दुकानाचा परवाना रोखला जाऊ नये. नवी रेघ आईच मारणार आहे. काठीनेच मारणार आहे, व तीही रस्त्यावरूनच. डागवाल्या काकांनी पाण्याला लागणारा उतार तेवढा तिच्याकडून कबूल करून घेतला आहे. यात कोणीही मध्ये पडू नये.

म्हणून महोदय, आता जे करावयाचे आहे ते तळमजल्याच्या हाती आहे, आणि तळमजल्याला सांगणे आपल्या हाती. उद्या रोलर फिरेल तेव्हा तो नीट फिरवून घ्यावा. घाई करू नये, कडा सोडू नयेत, आणि काम संपल्याचा दाखला काम संपल्यावर द्यावा. कारण आपण रस्ता जसा कराल तशी आमची पन्हळ होईल, आणि यापुढे या घरासमोरून जाणारा प्रत्येक जण मान वर करून तो रस्ता बघणार आहे.

आपल्या दोन्ही मजल्यांविषयी सारखाच आदर बाळगणारा,
सही/-
अर्जदार
(शिवणकामवाल्या बाईंचा मुलगा, अर्धी दाढी अद्याप शिल्लक)

दिनांक : नोटिशीच्या मुदतीत, रोलर येण्याच्या आदल्या दिवशी.